बाहुली किती हलवायची, कुठे थांबवायची?

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की शिक्षक, बालवाडीच्या ताई आणि हौशी मंडळी यांच्याकडून एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येते. ‘बाहुल्या देखण्या झाल्यात, संवाद पाठ आहेत, पण पडद्यावर आल्या की नुसत्या थरथरत राहतात.’ कुणी विचारते, बोलताना बाहुली सतत हलती ठेवायची असते ना? कुणाची कळसूत्री बाहुली चालायच्या ऐवजी तरंगते. एका मंडळाने तर बाहुलीला गुडघे, कोपर, बोटे असे सगळे सांधे बसवले आणि प्रयोगात त्यांतला एकही वापरायला सवड मिळाली नाही.

या सगळ्यांचे मूळ जवळपास एकच असते. हालचाल कमी पडत नाही, ती जास्त होते. आणि बाहुली शिवताना तिचा चेहरा, साडी, दागिने यांचा विचार झालेला असतो. ती करणार काय, याचा नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

आधी क्रियापदे लिहा, मग सुई-दोरा घ्या

संहिता समोर ठेवा आणि प्रत्येक पात्रापुढे ते काय करते एवढेच लिहून काढा. ‘दुःखी आहे’, ‘कपटी आहे’ हे लिहू नका. ते हलवून दाखवता येत नाही. उदाहरणाला सगळ्यांना ठाऊक असलेली म्हातारीची आणि भोपळ्याची गोष्ट घेऊ.

- म्हातारी: काठी टेकत चालते, थबकते, हात जोडते, भोपळ्यात बसते.
- वाघ: वाट अडवतो, वास घेतो, जबडा उघडतो, फसल्यावर बघत राहतो.
- भोपळा: उड्या मारत जातो.

यादी झाली की निम्मे निर्णय आपोआप होतात. म्हातारीला काठी धरायची आहे, हात जोडायचे आहेत, म्हणजे ती हातमोज्याची. तिचे वाकलेपण तुमच्या मनगटातून फुकट मिळते. वाघाला जबडा हवा, हात नसले तरी चालतील. भोपळ्याला फक्त एक जाड काठी पुरे. आणि म्हातारी भोपळ्यात बसते हा ज्याच्यावर तालमीत अर्धा तास वाद होतो तो प्रसंग? भोपळा पुढे, म्हातारी त्याच्या मागे. ती एकदा आत डोकावते, प्रेक्षकांकडे बघते, पाय टाकल्यासारखी एक हिसका देते आणि मागच्या मागे खाली जाते. भोपळा जागच्या जागी एकदा डुलतो. मुलांना ती आत बसलेली दिसते. भोपळा पोकळ करायची, त्याला झाकण बसवायची गरज नाही.

कोणत्या बाहुलीकडून काय मागावे

- हातमोजा बाहुली: वस्तू उचलणे, मिठी, टाळ्या, मारामारी, पळापळ. शाळेसाठी पहिली पसंती हीच असावी. हात फार लांब पसरता येत नाहीत, एवढे लक्षात ठेवा.
- तोंड उघडणारी बाहुली: बडबड्या पात्रांसाठी. तिचा भर बोलण्यावर, त्यामुळे दोन्ही हातही हलवायचे असतील तर बहुधा दुसरा माणूस लागतो.
- काठीबाहुली: संथ, डौलदार, मोठे हावभाव, राजा, झाड, पक्षी. दुरून दिसायला उत्तम, चपळाईला वाईट.
- कळसूत्री बाहुली: नाच, उड्डाण, बसणे-उठणे असे सगळ्या अंगाचे काम. शिकायला वेळ लागतो. महिन्याभरावर कार्यक्रम आला असेल तर या वाटेला जाऊ नका.
- छायाबाहुली: लहानाचा मोठा होणे, एकाचे दुसरे होणे, राक्षस, स्वप्न.

बोलका बाहुला हा वेगळाच प्रकार. यशवंत पाध्ये यांनी घडवलेला आणि रामदास पाध्ये यांनी घरोघरी पोचवलेला अर्धवटराव जवळजवळ सगळा वेळ बसून असतो. त्याचा अभिनय मान, डोळे आणि जबडा यांत सामावलेला आहे. जागचे न हलता किती करता येते हे पाहायचे असेल तर त्याचे जुने कार्यक्रम आवाज बंद करून बघा.

पाय बसवलेच पाहिजेत असे नाही

सांध्यांचा हव्यास सोडा. राजस्थानी कठपुतळीला पाय नसतात. घोळदार घागरा किंवा अंगरखा असतो आणि एकदोन दोऱ्यांवर ती गिरकी घेते. जपानच्या बुनराकूमध्ये एक बाहुली तिघे मिळून चालवतात: मुख्य बाहुलीकार डोके आणि उजवा हात, दुसरा डावा हात, तिसरा पाय. इतका सरंजाम असूनही तिथल्या बहुतेक स्त्री-बाहुल्यांना पाय नसतात. तिसरा माणूस किमोनोची कड आतून धरून अशी हलवतो की पावले पडतात असे वाटते. ओडिशाच्या रावणछाया परंपरेत तर चामड्याच्या बाहुलीला एकही सांधा नसतो. सगळे काम बाहुली पडद्याजवळ-दूर नेऊन आणि तिला कलती करून होते.

तेव्हा प्रत्येक सांध्याला विचारा: तुझे क्रियापद कोणते? उत्तर नसेल तर तो सांधा शिवून टाका. लुळा पडलेला हात प्रेक्षकांचे लक्ष सर्वांत आधी खेचतो.

हातमोजा बाहुली: मनगट, नजर, उंची

बोटे घालण्याची सोपी रीत अशी: तर्जनी डोक्यात, अंगठा एका हातात, मधले बोट दुसऱ्या हातात, उरलेली दोन तळव्याशी मिटलेली. काहींना करंगळी हातात घालणे सोयीचे पडते. ज्याला जे जमेल ते त्याने करावे. मात्र मनगट म्हणजे बाहुलीची कंबर, हे सगळ्यांनी पक्के करावे. नमस्कार मनगटातून, हसणे मनगटातून, दचकणेही मनगटातून. नवशिक्या मुलांचा अख्खा दंड हलतो आणि बाहुली आगबोटीवर उभी असल्यासारखी दिसते.

नजर ही दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. बाहुलीला डोळे फिरवता येत नाहीत. नाक जिकडे, तिकडे नजर. हात वर धरला की मनगट नकळत मागे झुकते आणि बाहुली छताकडे बघत बोलू लागते. प्रेक्षक मुले बहुधा खाली सतरंजीवर बसलेली असतात, म्हणून तर्जनी थोडी पुढे वाकवून बाहुलीचे नाक खाली आणा. आतून ते विचित्र वाटेल, समोरून बरोबर दिसेल. एका माणसाला तिसऱ्या ओळीत बसवा आणि ‘माझ्याकडे बघतेय’ असे तो म्हणेपर्यंत मनगट वळवत राहा.

तिसरी उंची. तीन-चार मिनिटांत हात भरून येतो आणि बाहुली हळूहळू बुडू लागते. प्रवेशाच्या सुरुवातीला कंबरेपर्यंत दिसणारी म्हातारी शेवटी हनुवटीपर्यंतच उरते. उपाय दोन. आडपडद्याची उंची चालवणाऱ्या मुलांच्या उंचीप्रमाणे ठरवा. मुले उभी असतील तर पडद्याची कड त्यांच्या डोक्याच्या किंचित वर असावी. आणि प्रवेश लहान ठेवा, पात्रांची ये-जा वाढवा. दुसऱ्या हाताने कोपर पेलून धरायला हरकत नाही, मोठे बाहुलीकारही धरतात.

पात्राचा प्रवेश लिफ्टसारखा खालून सरळ वर नको. बाजूच्या विंगेतून, प्रत्येक पावलाला थोडे वर येत, पायऱ्या चढल्यासारखे आणा. जातानाही पाठ फिरवून, तसेच उतरत जा.

चाल ठरवताना वेग नव्हे, लय ठरवा. म्हातारी: एक पाऊल, काठी, थोडे थांबणे. कोल्हा: दोन झटपट पावले, मान वळवून बघणे. चाल ठरली की पात्राची ओळख पटवायला वेगळा संवाद लागत नाही.

एक बोलतो तेव्हा बाकीचे काय करतात?

काही करत नाहीत. वाचकांच्या निम्म्या प्रश्नांना हे एकच उत्तर आहे. सगळ्या बाहुल्यांचे चेहरे सारखेच स्थिर असतात. प्रेक्षकाला कोण बोलतोय हे कळण्याची एकच खूण म्हणजे हालचाल. वाघ बोलत असताना म्हातारी आणि कोल्हाही डुलत असतील तर आवाज कुणाचा हेच कळत नाही. ऐकणाऱ्या बाहुलीने बोलणाऱ्याकडे नाक करून स्तब्ध उभे राहायचे. मुलांना हे शिकवणे जड जाते. हातात बाहुली आहे आणि हलवायची नाही, हा त्यांना अन्याय वाटतो.

पण स्तब्ध म्हणजे निर्जीव नव्हे. हँडस्प्रिंग या दक्षिण आफ्रिकी कंपनीने लंडनच्या नॅशनल थिएटरच्या ‘वॉर हॉर्स’ नाटकासाठी २००७ मध्ये माणसाला पाठीवर घेणारे घोडे बनवले. प्रत्येक मोठा घोडा तिघे चालवतात: एक बाहेर डोक्याशी, दोन पोटात. घोडा काहीच करत नसतो तेव्हाही त्याचा श्वास चालू असतो, आणि कान आवाजाच्या दिशेला वळतात. तुमच्या म्हातारीलाही श्वास देता येतो. मनगट अगदी थोडे, अर्ध्या बोटाएवढे, वर-खाली. तेही तिच्यावर प्रसंग असेल तेव्हाच.

एखादी गोष्ट घडली की बाहुलीने करायचा क्रम असा ठेवा:

1. आधी बघणे.
2. थांबणे, मनात ‘एक-दोन’ म्हणण्याइतके.
3. मग हालचाल.
4. सर्वांत शेवटी बोलणे.

वाघाची डरकाळी ऐकल्याबरोबर म्हातारी ‘अगं बाई!’ म्हणून उडाली तर हसू येत नाही. ती काठीसकट गोठते, हळूच मान वळवते, वाघाकडे बघते, पुन्हा प्रेक्षकांकडे बघते, आणि मग काठी थरथरू लागते. सभागृह त्या थांब्यात हसायला लागते.

तोंड उघडायचे केव्हा

तोंड उघडणाऱ्या बाहुलीत दोन चुका ठरलेल्या. पहिली: बोट वर उचलून डोकेच मागे फेकले जाते. वरची बोटे शक्यतो स्थिर ठेवा आणि अंगठा खाली सोडा. माणसाचाही खालचाच जबडा हलतो. दुसरी: शब्दाला तोंड मिटते आणि मधल्या रिकाम्या जागेत उघडते, जणू बाहुली शब्द चावून खाते आहे. शब्दाबरोबर तोंड उघडले पाहिजे.

किती वेळा उघडायचे हे लिहिलेल्या अक्षरांवरून मोजू नका, उच्चारावरून मोजा. ‘आई, मला भूक लागली’ हे कागदावर नऊ अक्षरांचे. पण ‘भूक’ एका उघडीत होते आणि ‘लागली’ दोन उघडीत. म्हणजे सात. भरभर बोलताना सातही नकोत. आ, ला, भूक, ली एवढ्या चार ठळक उघडी पुरतात. भूक मोठी, बाकीच्या लहान. कुजबुज असेल तर फट पाडण्यापुरते, आणि ओरडणे असेल तर पूर्ण. आरशासमोर एक ते दहा आकडे म्हणत सराव करा. ‘चार’ला एक, ‘सहा’ला दोन, हे हाताला कळले की पुढचे सोपे जाते.

दोऱ्यांची बाहुली तरंगते तेव्हा

दोरीने बाहुली फक्त वर ओढता येते. खाली येण्याचे काम वजन करते. कापूस भरलेली हलकी बाहुली म्हणून तरंगते. कमरेच्या आत, तळपायांत आणि तळहातांत वजन घाला: वाळूची घट्ट पुरचुंडी, लोखंडी वॉशर, नट. शिसे वापरू नका, विशेषतः मुले हाताळणार असतील तर.

दोरीची लांबी हाही वेगाचा निर्णय आहे. एक मीटर दोरीला टांगलेले वजन पूर्ण झोका घ्यायला सुमारे २ सेकंद घेते, पाव मीटरला १ सेकंद. उंचावरून चालवलेली बाहुली त्यामुळे आपोआप गंभीर, संथ होते. विनोदी, चपळ पात्र हवे तर दोऱ्या आखूड करा. शिकताना सहाच दोऱ्या पुरेत: डोक्याच्या दोन, हातांच्या दोन, गुडघ्यांच्या दोन. तंगूस लांबून दिसत नाही खरी, पण चमकते आणि तिच्या गाठी सुटतात. काळा, मेणाळलेला सुती दोरा बरा.

पाय जमिनीला टेकतात की नाही हे चालवणाऱ्याला वरून नीट कळत नाही. जमिनीच्या पातळीवर बसलेला एक माणूस तालमीत ठेवा आणि त्याच्याकडून फक्त दोनच शब्द ऐका: ‘तरंगली’ आणि ‘बसली’.

कोकणात जाणे होणार असेल तर कुडाळजवळच्या पिंगुळीत थांबा. तिथल्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी या तिन्ही कला जपल्या आहेत. त्यांपैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तिथे बाहुलीच्या चेहऱ्यापेक्षा चालवणाऱ्याच्या बोटांकडे बघा. एक बोट उचलले की काय होते आणि कोणते बोट कधीच उचलले जात नाही, हे कुठल्याही लेखापेक्षा लवकर समजते.

छायाबाहुलीबद्दल थोडक्यात. बाहुली पडद्याला टेकलेली असेल तर रेघ स्वच्छ येते. दिव्याकडे नेली की सावली मोठी आणि धूसर होते. वळायचे असेल तेव्हा बाहुली झटकन उलटी करा, रेंगाळू नका. दिवा एकच ठेवा, नाहीतर दोन सावल्या पडतील.

तालीम कशी लावावी

- पहिल्या दिवशी बाहुल्या नकोतच. तर्जनीवर भोक पाडलेला टेबलटेनिसचा चेंडू बसवा आणि त्याच्याकडून ‘शोधणे’, ‘घाबरणे’, ‘रुसणे’ करून घ्या. रशियन बाहुलीकार सर्गेई ओब्राझत्सोव यांनी उघड्या हातांवर असे चेंडू लावून प्रयोग गाजवले होते.
- संवाद आधी ध्वनिमुद्रित करून लावले तर मुले हालचालीवर लक्ष देऊ शकतात. पण मुद्रण करताना थांबे ठेवा, नाहीतर बाहुली संवादामागे धावत राहील.
- मोबाइलवर चित्रण करा आणि आवाज बंद करून बघा. गोष्ट कळली तर हालचाल झाली.
- चालवणारे प्रेक्षकांना दिसणार असतील तर त्यांनी प्रेक्षकांकडे नव्हे, बाहुलीकडे बघायचे. बुनराकूमध्ये तिघेही समोर उभे असतात, तरी नजर बाहुलीवरच जाते.
- लहान मुलांसाठी पंधरा मिनिटांचा खेळ भरपूर. अर्ध्या तासाचा हट्ट मुख्याध्यापकांचा असला तरी विनयाने नाही म्हणा.

सेवेतील शिक्षकांना शिकायचे असेल तर दिल्लीचे सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र, म्हणजे सीसीआरटी, शिक्षणात बाहुलीचा वापर या विषयावर कार्यशाळा घेते. नावे शिक्षण खात्यामार्फत जातात, म्हणून शाळेकडून विचारणा करा.

गोष्ट कुणाची, चित्रण कुणाचे, पैसे कुणाला

लोककथा कुणाच्याही मालकीची नसते. पण तिचे एखाद्या लेखकाने केलेले नाट्यरूप त्याचे असते. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. शाळेच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या आणि शाळेशी संबंधित माणसे व पालक यांनाच दाखवलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे. हौशी संस्थेने विनामूल्य प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगालाही आहे. तोच प्रयोग तिकीट लावून केला, किंवा यूट्यूबवर टाकला, की सूट गृहीत धरू नका. लेखकाची लेखी परवानगी घ्या. लोकप्रिय चित्रपटांतल्या गाण्यांनाही हेच लागू. ‘झपाटलेला’तला तात्या विंचू मुलांना हवाच असतो, पण बाहेरच्या व्यावसायिक कार्यक्रमात त्याची हुबेहूब नक्कल आणण्याआधी विचारा.

तुम्ही बाहेरचा बाहुलीकार बोलावत असाल तर त्याचेही हक्क आहेत. स्वामित्वहक्क कायद्यात ‘प्रयोग करणारा’ कोण याच्या यादीत नट, गायक, नर्तक यांच्याबरोबर जादूगार आणि गारुडीही नावानिशी आहेत. बाहुलीकाराचे नाव नाही, पण प्रयोग करणारी इतर कोणतीही व्यक्ती त्यात धरली असल्यामुळे तो येतोच. त्याच्या संमतीशिवाय प्रयोगाचे चित्रण करून ते प्रसारित करता येत नाही. म्हणून बोलणी करताना एका पानावर एवढे लिहून घ्या:

- मानधन किती, आगाऊ किती, उरलेले कधी. ‘कार्यक्रमानंतर बघू’ हे चालवून घेऊ नका, आणि कलावंत असाल तर अजिबात नाही.
- प्रवास, मुक्काम, जेवण आणि साथीदारांची संख्या.
- चित्रण होणार का, कुठे टाकणार, किती मिनिटांचे.
- पत्रिकेत आणि फलकावर कलावंतांची नावे. ‘पारंपरिक लोककला’ एवढेच छापून मोकळे होऊ नका.
- मुलांना बाहुल्या हाताळू द्यायच्या का. पिढीजात लाकडी किंवा चामड्याच्या बाहुल्या असतील तर बहुधा नकार मिळेल. तो मान्य करा आणि त्या ऐवजी पाच मिनिटे दोऱ्या उलगडून दाखवण्याची विनंती करा.

मुलांच्या प्रयोगाचे चित्रण शाळेच्या गटाबाहेर जाणार असेल तर पालकांची संमती आधीच घेऊन ठेवा. पडद्यामागे बसलेल्या मुलांची नावेही निवेदनात घ्यायला विसरू नका. खेळ संपल्यावर त्यांना बाहुल्यांसकट पडद्यापुढे बोलवा आणि हात दाखवायला सांगा.